एकशे वीस क्रेडिट्स आणि बारावीचे मोकळे वर्ष

न्यू जर्सीत हायस्कूलचा डिप्लोमा मिळवायला किमान १२० क्रेडिट्स लागतात, हे इथल्या बहुतेक मराठी पालकांना ठाऊक असते. पण एक क्रेडिट म्हणजे नेमके किती, असे विचारले की बरेच जण थबकतात. राज्याच्या नियमानुसार आठवड्यातून एकदा भरणारी, किमान ४० मिनिटांची तासिका शाळेच्या पूर्ण वर्षभर केली, की एक क्रेडिट होते. रोज तास असलेला आणि वर्षभर चालणारा विषय त्यामुळे पाच क्रेडिट्सचा ठरतो. हा हिशेब एकदा नीट समजला, की अमेरिकेतल्या शाळेची बारावी आपल्या बारावीहून इतकी वेगळी का असते, हेही उमगू लागते. इथला डिप्लोमा चार वर्षे थोडाथोडा साठत जातो, आणि शेवटच्या वर्षी तो बराचसा साठून झालेला असतो.

या पद्धतीमागचा इतिहास मला फार उशिरा वाचायला मिळाला. विसाव्या शतकाच्या आरंभी अँड्र्यू कार्नेगी यांनी महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी मोठा निधी दिला आणि त्याच्या वाटपासाठी एक प्रतिष्ठान स्थापन झाले. कोणत्या महाविद्यालयांना हे निवृत्तिवेतन लागू करायचे, हे ठरवण्यासाठी १९०६ च्या सुमारास प्रतिष्ठानाने एक अट घातली, ती अशी की प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याने हायस्कूलमध्ये ठरावीक ‘युनिट्स’ पूर्ण केलेली असावीत, आणि एक युनिट म्हणजे एका विषयाचे वर्षभरातले सुमारे १२० तास. निवृत्तिवेतनाच्या ओढीने महाविद्यालयांनी ती अट मानली, महाविद्यालयांच्या ओढीने शाळांनी मानली, आणि प्राध्यापकांच्या म्हातारपणाची सोय करताना ठरलेले हे माप पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांतल्या कोट्यवधी मुलांच्या शाळेचे वेळापत्रक ठरवत राहिले. वेळ हे शिक्षणाचे माप असावे का, यावर इथे पुष्कळ वाद झाले आहेत आणि ते रास्तही आहेत. मला स्वतःला मात्र या मापातली एक गोष्ट मनापासून आवडते. एका वाईट दिवसामुळे, एका तापामुळे किंवा एका चुकलेल्या गाडीमुळे मुलाचे वर्ष वाया जात नाही.

मुलीच्या बारावीच्या आधीच्या उन्हाळ्यात तिच्या काउन्सेलरने घरी क्रेडिट्सचा तक्ता पाठवला होता. तो जेवणाच्या टेबलावर पसरून आम्ही दोघींनी पेन्सिलने एकेक ओळ तपासली. इंग्रजीचे २० क्रेडिट्स, म्हणजे चारही वर्षे इंग्रजी. गणिताचे १५, त्यात बीजगणित आणि भूमिती अनिवार्य. विज्ञानाचे १५, त्यात जीवशास्त्र हवेच. सामाजिक शास्त्रांचे १५, त्यांपैकी १० अमेरिकेच्या इतिहासाचे आणि ५ जागतिक इतिहासाचे. आर्थिक साक्षरतेचे अडीच. आरोग्य आणि शारीरिक शिक्षणाचे दरवर्षी पावणेचार. कलेचे ५, परकीय भाषेचे ५ आणि व्यवसायाभिमुख विषयांचे ५. बेरीज केली तर ती साडेसत्त्याण्णव भरते. राज्याने १२० मागितलेले असल्यामुळे उरलेले साडेबावीस क्रेडिट्स मुलाने आपल्या मर्जीने कशातून मिळवायचे ते मिळवावेत, असा त्याचा सरळ अर्थ आहे. शाळेत दिवसाला सात-आठ तासिका असतात, त्यामुळे अकरावी संपेपर्यंत शंभरच्या पुढे क्रेडिट्स जमलेले असतात. तिच्या तक्त्यात रिकाम्या उरलेल्या चौकटी तीनच होत्या : चौथ्या वर्षाचे इंग्रजी, जिम म्हणजे शारीरिक शिक्षण, आणि आर्थिक साक्षरता.

राज्याची परीक्षा म्हणून जी काही असते, ती अकरावीच्या वसंतात होऊन जाते. इंग्रजी आणि गणित एवढेच तिचे विषय, आणि काठिण्यपातळीही दहावीच्या आसपासची. त्यात कमी पडलेल्या मुलाला एसएटीसारख्या महाविद्यालयीन प्रवेशाच्या परीक्षेतले ठरावीक गुण दाखवून ती अट पूर्ण करता येते. तेही जमले नाही, तर वर्गातल्या कामाचा संच राज्याकडे सादर करता येतो. पहिल्यांदा हे ऐकले, तेव्हा मला ते सैल वाटले होते. आता मला ते विचारपूर्वक आखलेले वाटते, कारण त्यामुळे सतरा वर्षांच्या मुलासमोर एक जवळजवळ मोकळे वर्ष ठेवले जाते.

हे मोकळेपण हाताळायची आपल्याला सवय नाही, आणि या लेखात मला मुख्यतः तेच सांगायचे आहे. माझ्या पिढीतल्या महाराष्ट्रातल्या घरांत ‘यंदा बारावी आहे’ हे वाक्य उच्चारले, की घराचा कारभार बदलत असे. केबल बंद होई, मामाच्या मुलीच्या लग्नाला घरातले अर्धेच लोक जात, पाहुणे हळू आवाजात बोलत. फेब्रुवारी-मार्चमधल्या मोजक्या पेपरांवर सगळे ठरणार असल्यामुळे त्या वर्षात दुसरे काही करणे हा जवळजवळ अपराधच होता. ती शिस्त ज्यांनी अंगात मुरवली, तेच लोक पुढे न्यू जर्सीतल्या एडिसन, प्लेन्सबरो आणि पार्सिपनीत घरे घेऊन राहिले, आणि आता त्यांच्या मुलांना बारावीत मातीची भांडी बनवण्याचा तास घ्यावासा वाटतो. पालकांचे हात आपोआप त्या रिकाम्या तासिकेत आणखी एक एपी, म्हणजे महाविद्यालयीन पातळीचा, विषय भरायला पुढे होतात.

अर्थात वर्षाचा पूर्वार्ध मोकळा नसतो, हे मान्य करायला हवे. १ ऑगस्टला कॉमन ॲपचा, म्हणजे अनेक महाविद्यालयांना चालणारा सामाईक, नवा अर्ज उघडतो, १ नोव्हेंबरच्या आसपास लवकरच्या प्रवेशाची मुदत असते, आणि नाताळची सुट्टी १ जानेवारीच्या मुदतीखाली दबून जाते. साडेसहाशे शब्दांच्या मर्यादेतला एक निबंध मुले महिनोन्‌महिने लिहितात आणि खोडतात. त्या काळाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, शिकवण्या आणि सल्लागारांचा बाजारही मोठा आहे, म्हणून त्यावर मी अधिक लिहीत नाही. एवढेच म्हणते, की या अर्जातला बहुतांश मजकूर नववी ते अकरावीत घडून गेलेला असतो. बारावीच्या पहिल्या सत्राचे गुण महाविद्यालयांकडे गेले, की त्या कागदात भर घालण्याजोगे फारसे काही हाती उरत नाही, आणि तरीही आपण मार्चअखेर निकाल लागेपर्यंत घरातले सगळे बोलणे त्याच एका विषयाभोवती फिरवत ठेवतो. त्यात मुलाच्या शेवटच्या शालेय हिवाळ्याचे दिवस निघून जातात.

काही मुलांसाठी मात्र बारावी खरोखरच गच्च भरलेली असते, आणि त्यांच्याविषयी फारसे कोणी लिहीत नाही. आमच्या परिचयातले एक कुटुंब मुलाची दहावी आटोपून पुण्याहून ऑगस्टमध्ये इथे आले. मुलगा हुशार, दहावीला उत्तम गुण. शाळेने त्याला अकरावीत घेतले आणि त्याची गुणपत्रिका समोर ठेवून क्रेडिट्स जुळवायला सुरुवात केली. आपल्या गुणपत्रिकेत ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ ही एकच ओळ असते, आणि ‘सामाजिक शास्त्रे’ हीदेखील एकच. त्या ओळीत जीवशास्त्र किती आणि रसायनशास्त्र किती, हे काउन्सेलरला कळायला मार्ग नव्हता. इतिहासात जगाचा इतिहास किती शिकवला गेला, हेही तिथे लिहिलेले नव्हते. शेवटी मुलाच्या आईने बालभारतीच्या संकेतस्थळावरून नववी आणि दहावीची इंग्रजी माध्यमाची पुस्तके उतरवून घेतली, त्यांच्या अनुक्रमणिका छापल्या, आणि जीवशास्त्राच्या धड्यांवर पिवळी, रसायनशास्त्राच्या धड्यांवर हिरवी खूण करून तो गठ्ठा शाळेत नेऊन दिला. विज्ञानाचे क्रेडिट्स मान्य झाले, ते त्या गठ्ठ्यामुळे. मराठी आणि हिंदीमुळे परकीय भाषेची अट सुटली. जिमचे क्रेडिट्स विद्यार्थी इथे ज्या वर्षांत असतो, त्याच वर्षांपुरते लागत असल्याने ती चिंताही मिटली.

अडले ते अमेरिकेच्या इतिहासापाशी. दोन वर्षांचा इतिहास त्याला अकरावी आणि बारावीतच बसवावा लागला, त्यात भर जागतिक इतिहासाच्या एका वर्षाची, शिवाय कला आणि आर्थिक साक्षरता. राज्याची परीक्षा इथे येऊन आठ महिनेही झाले नसताना समोर आली; गणितात तो सहज पार झाला, इंग्रजीत थोडक्यात राहिला, आणि पुढे एसएटीच्या गुणांवर ती अट पूर्ण झाली. मित्र दुपारी लवकर घरी जात, तेव्हा तो अमेरिकेच्या यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेवर टिपणे काढत असे. त्याच्या जिद्दीचे मला फार कौतुक वाटले. अशा कुटुंबांना माझे कळकळीचे सांगणे आहे, की दहावी-अकरावीच्या मुलाला घेऊन येताना गुणपत्रिकेबरोबर अभ्यासक्रमही सोबत आणावा, आणि क्रेडिट्सचा तक्ता पहिल्या आठवड्यातच लेखी मागून घ्यावा. बारावीच्या जानेवारीत एखादी चौकट रिकामी सापडली, तर ती भरायला वेळ फार थोडा उरतो.

गेल्या काही वर्षांत आणखी एक अट आली आहे. २०२५ सालच्या तुकडीपासून न्यू जर्सीत डिप्लोमासाठी शिक्षण-साहाय्याचा अर्ज, म्हणजे फॅफ्सा, भरणे आवश्यक झाले. ज्यांना तो भरायचा नाही, त्यांनी तसा सूट मागणारा कागद शाळेला द्यायचा. उद्देश चांगला आहे, कारण हक्काची मदत केवळ अर्ज न केल्यामुळे गमावणारी मुले इथे पुष्कळ आहेत. पण एच-४ व्हिसावर, म्हणजे नोकरीसाठी आलेल्या आईवडिलांच्या व्हिसाच्या आधारावर, असलेल्या मुलांना केंद्र सरकारची ही मदत मिळतच नाही, आणि आपल्या समाजातल्या कितीतरी घरांत ग्रीन कार्डाची रांग मुलाच्या वयापेक्षा लांब झालेली आहे. पाळण्यात असताना इथे आलेले मूल, ज्याला दुसरी कुठली शाळा आठवतही नाही, त्याला बारावीत पहिल्यांदा कळते, की एकविसाव्या वाढदिवसाला आपला आईवडिलांवर अवलंबून असलेला व्हिसा संपणार आहे. सूट मागणारा तो साधा कागद भरताना ही गोष्ट घरात पहिल्यांदा उघड बोलली गेली, असे एका मैत्रिणीने मला सांगितले. अशा मुलांपासून ही माहिती अठराव्या वर्षापर्यंत दडवून ठेवू नये, असे मला फार वाटते. कोणत्या महाविद्यालयात अर्ज करायचा आणि कोणता खर्च झेपेल, हे ठरवताना त्यांना ती माहीत असण्याचा अधिकार आहे.

आता त्या मोकळ्या तासिकांकडे येते. माझ्या मुलीने पाचव्या एपी विषयाऐवजी सिरॅमिक्स घेतले. घरात त्यावर बराच काथ्याकूट झाला, पण तिने निर्णय बदलला नाही. पहिले काही आठवडे ती चाकावर मातीचा गोळा मध्यावर आणण्याचाच सराव करत होती. गोळा चाकावर दाबून बसवायचा, दोन्ही कोपर मांड्यांना टेकवून हात स्थिर ठेवायचे, आणि माती वर-खाली दाबत राहायचे, इतकी की चाक फिरत असताना ती हलल्यासारखी दिसतच नाही. केसभर जरी बाजूला राहिली, तरी भिंत उचलताना एक कड जाड आणि दुसरी पातळ होते आणि भांडे कलंडते. ती घरी येई तेव्हा तिच्या बाहीवर वाळलेल्या मातीचा पांढुरका थर असे आणि नखांच्या कडा करड्या झालेल्या असत. चांगला घडलेला एक कप तिने घाईत पुरता वाळू न देता भट्टीसाठी ठेवला आणि पहिल्याच भाजणीत, जी सुमारे १००० अंश सेल्सिअसला होते, त्याचा बुडाकडचा भाग फुटून उडाला. त्या भागात ओल राहिली होती आणि तिची वाफ झाली, हे तिने मला समजावून सांगितले. भौतिकशास्त्रात ती जे शिकली होती, ते तिला इथे तळहातावर कळले होते.

त्या तासात तिच्याबरोबर नववीची मुले होती, विशेष शिक्षणाच्या वर्गातली दोन मुले होती, आणि जून झाल्यावर लगेच वडिलांच्या प्लंबिंगच्या व्यवसायात उतरणारा एक वर्गमित्र होता. नववीपासून ऑनर्स आणि एपी अशा वरच्या पातळीच्या वर्गांत ती ज्या पंचवीस-तीस चेहऱ्यांमध्ये वावरली, त्यांतले जवळजवळ सगळे आपल्यासारख्याच घरांतून आलेले. एकाच इमारतीत चार वर्षे काढून शाळेतल्या निम्म्या मुलांशी कधी बोलणेच होऊ नये, ही माझ्या मते या वर्गवारीची मोठी किंमत आहे, आणि बारावीची ऐच्छिक तासिका ती थोडीफार भरून काढू शकते. वाद्यवृंद, सुतारकाम, स्वयंपाक, शाळेचे वार्षिक पुस्तक, काहीही चालेल. मात्र ते मुलाने स्वतः निवडलेले असावे आणि आपण त्यातून अर्जासाठी काय निघेल याचा हिशेब मांडू नये.

वर्गाबाहेर शिकून क्रेडिट्स मिळवण्याची सोयही या राज्यात आहे. तिला ‘ऑप्शन टू’ म्हणतात आणि तिच्याखाली उमेदवारी, स्वतंत्र अभ्यास, कम्युनिटी कॉलेजमधला एखादा विषय असे काहीही शाळेच्या पूर्वपरवानगीने मोजले जाऊ शकते. प्रत्येक शाळेचे नियम वेगळे असल्याने अकरावीतच विचारून ठेवावे. मराठी घरांसाठी यातली सर्वांत जवळची गोष्ट म्हणजे ‘सील ऑफ बायलिटरसी’. २०१६ साली झालेल्या कायद्यामुळे, इंग्रजीबरोबर दुसऱ्या एका भाषेत ठरावीक प्रावीण्य चाचणीने सिद्ध करणाऱ्या विद्यार्थ्याच्या डिप्लोमावर राज्याची मोहोर उमटते, आणि ती भाषा मराठी असू शकते. आपली मुले रविवारच्या मराठी शाळेत बालपणी जातात, सातवी-आठवीत कंटाळून सोडतात, आणि बोलणे टिकले तरी लिहिणे मागे पडते. बारावीचा उत्तरार्ध हा ते लिहिणे परत मिळवण्याचा उत्तम काळ आहे. माझ्या मुलीने त्या हिवाळ्यात सांगलीला आजोबांना दर पंधरवड्याला हाताने पत्र लिहिले. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका असत, ‘शिक्षण’मधला ‘क्ष’ उलटा वळे, पण आजोबा प्रत्येक पत्राला उत्तर देत आणि उत्तरात तिचे चुकलेले शब्द नुसते बरोबर लिहून वापरत, चूक दाखवून देत नसत. त्यातून तिचे लिहिणे जितके सुधारले, तितके कोणत्याही स्वाध्यायपुस्तिकेने सुधारले नसते.

प्रवेश मिळाल्यावर अभ्यासातून मन उडते, त्याला इथे ‘सिनियरायटिस’ म्हणतात आणि शिक्षकही तो शब्द हसून वापरतात. पण त्यात खरा धोकाही आहे. महाविद्यालये अंतिम गुणपत्रक मागवतात आणि गुण फार घसरले तर दिलेला प्रवेश मागे घेऊ शकतात. वर्षाच्या १८० दिवसांपैकी १० टक्के दिवस गैरहजर राहिलेला विद्यार्थी राज्याच्या लेखी सततचा गैरहजर ठरतो, आणि अनेक शाळांत त्याने क्रेडिटही जाते. ज्या पद्धतीत हजेरी हाच पाया आहे, तिथे शेवटच्या वसंतात जिमचे तास बुडवून पदवीदान अडलेली मुले दरवर्षी ऐकू येतात. त्यांचे बीजगणित, भूमिती, कॅल्क्युलस सगळे झालेले असते. आर्थिक साक्षरतेचा अडीच क्रेडिट्सचा विषयही मुले उगाचच हलका मानतात. कर्जावरचे व्याज, क्रेडिट कार्डाची किमान रक्कम, कराचा फॉर्म, आरोग्यविम्यातले आधी स्वतः भरायचे पैसे, हे सगळे त्यात असते. पुढच्या सप्टेंबरपासून रोज लागणारे ज्ञान शाळेत बहुधा याच एका तासात मिळते.

आणि शेवटी अठरावा वाढदिवस. तो बहुतेकांचा बारावीतच येतो आणि त्याने घरातला कायदेशीर हिशेब बदलतो. डॉक्टर आता मुलीच्या परवानगीशिवाय आईशी बोलणार नाहीत. १९७४ च्या एका केंद्रीय कायद्यानुसार शैक्षणिक नोंदींवरचा पालकांचा अधिकार अठराव्या वर्षी किंवा महाविद्यालयात प्रवेश घेतल्यावर विद्यार्थ्याकडे जातो. शुल्क आपण भरले, तरी महाविद्यालय आपल्याला गुण कळवायला बांधील नसते. शाळेच्या पोर्टलवर रोज रात्री मुलांचे गुण पाहायची आपल्यापैकी अनेकांना सवय असते, शिक्षकाने एखाद्या चाचणीचे गुण भरले की मुलाच्या आधी ते आपल्याला कळतात, आणि मूल घरी येते तेव्हा आपला चेहरा त्याला सगळे सांगून जातो. ऑगस्टअखेर वसतिगृहात सोडून आल्यावर ही खिडकी एकदम बंद होणार असेल, तर ती आधीच बंद करून पाहावी, असे आम्ही ठरवले. फेब्रुवारीत दुसरे सत्र सुरू झाले तेव्हा मी पोर्टलचे ॲप फोनवरून काढून टाकले आणि मुलीने कबूल केले, की चांगले-वाईट जे असेल ते ती स्वतः सांगेल.

सुरुवातीला ती फक्त चांगले सांगत असे. मग मे महिन्यात, एपीच्या परीक्षांच्या आठवड्यात, आमटी वाढून घेता घेता ती म्हणाली, “आई, कॅल्क्युलसच्या चाचणीत सी आलाय. इंटिग्रेशनचा एक पूर्ण भाग मी केलाच नव्हता. उद्या दुपारी सरांकडे जाऊन बसणार आहे.” मी तिला विचारले, की गाडीने जाशील की मी सोडू. न्यू जर्सीत सतराव्या वर्षी मिळतो तो तात्पुरता परवाना तिच्याकडे होता आणि नंबरप्लेटवर नवख्या चालकाची लाल पट्टीही लावलेली होती. ती गाडीने गेली, सरांकडे बसली, आणि वर्षअखेर त्या विषयात तिला बी मिळाला, हेही मला तिच्याकडूनच कळले.